'जनरल ली' : एका मालिकेतील कसरतीच्या मोटारी व त्यांचे संग्राहकमूल्य

इ. स. १९७८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ११ तारखेस अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात, नारिंगी रंगाची एक डॉज चार्जर मोटार चढत्या फळीवरून भरवेगाने हवेत सोडण्यात आली. एका पोलिसी मोटारीच्या डोक्यावरून ती सुमारे १६ फूट उंच व ८२ फूट लांब गेली आणि पलीकडे नाकावर आदळली. मोटार निकामी झाली. चित्रण मात्र उत्तम झाले. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या मालिकेच्या शीर्षकदृश्यात तेच उड्डाण पुढे आठवड्यामागून आठवडा प्रेक्षकांनी पाहिले. ज्या वस्तूची प्रतिमा कोट्यवधी लोकांच्या दृष्टीखालून गेली, ती वस्तू स्वतः मात्र लवकरच भंगारात जमा झाली. वस्तूचा नाश आणि प्रतिमेचे चिरंजीवित्व यांचा हा विलक्षण संबंधच दूरचित्रवाणीवरील कसरतीच्या मोटारींच्या मूल्याचा पाया होय.

मालिका सी. बी. एस. या वाहिनीवरून २६ जानेवारी १९७९ पासून ८ फेब्रुवारी १९८५ पर्यंत चालली. तिचे एकूण १४७ भाग झाले. तिचे कूळ मात्र थोडे मागे शोधावे लागते. गाय वॉल्ड्रन यांच्या 'मूनरनर्स' (१९७५) या चित्रपटात हातभट्टीची दारू चोरट्या मार्गाने पोहोचविणाऱ्या दक्षिणेकडील तरुणांची कथा होती, आणि ती नॉर्थ कॅरोलायनातील अशाच एका माणसाच्या आठवणींवर आधारलेली होती. त्याच्या मोटारीचे नाव 'ट्रॅव्हलर'. हे नाव अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या घोड्याचे. मालिकेत घोडा मागे पडला व स्वाराचेच नाव मोटारीस मिळाले. नामांतराचा हा टप्पा दिसावयास क्षुल्लक आहे, पण त्याचे परिणाम क्षुल्लक झाले नाहीत. घोड्याचे नाव ओळखणारे थोडे असतात. सेनापतीचे नाव, टपावरील दक्षिणेचे रणनिशाण आणि 'डिक्सी' या गीताचे पहिले बारा स्वर वाजविणारा भोंगा या तिहींमुळे मोटार उघडउघड एका राजकीय स्मृतीची वाहक बनली. तिच्या आजच्या किमतीचा विचार या गोष्टीस वगळून करता येत नाही.

परंतु प्रथम मोटारींच्या संहाराकडे पाहिले पाहिजे, कारण तेथेच या विषयाची खरी सामग्री आहे. त्या काळातील या वर्गातील अमेरिकन मोटारींत अवजड एंजिन पुढे असे. त्यामुळे हवेत उडविलेली गाडी नाक खाली करून कोसळे. हा तोल सावरण्यासाठी डिकीत वाळूच्या गोण्या किंवा काँक्रीट यांचे वजन भरीत. चालकाच्या रक्षणासाठी आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवीत. एवढे करूनही गाडी उतरताना तिचा सांगाडा बहुधा वाकत असे, आणि वाकलेला सांगाडा पुन्हा कामाचा राहत नसे. पडद्यावर मात्र तीच गाडी पुढच्या क्षणी अक्षत अंगाने धावू लागे. प्रत्येक उड्डाणास एक मोटार, असा हा हिशेब होता. एकूण किती मोटारी खर्ची पडल्या याविषयी एकवाक्यता नाही. सुमारे २५० पासून ३२५ पर्यंतचे आकडे दिले जातात. मालिका थांबली तेव्हा स्टुडिओपाशी सुमारे १७ गाड्या निरनिराळ्या अवस्थांत उरल्या होत्या व पुढे त्या खाजगी मालकांकडे गेल्या. चार्जरचे ते रूप तर १९६८ ते १९७० या तीनच वर्षांतील. नव्या गाड्या मिळण्याचा मार्ग नव्हता. पडद्यामागील मंडळी रस्त्यावर उभ्या असलेल्या चार्जर गाड्यांच्या काचांवर खरेदीच्या चिठ्ठ्या लावीत असत, असे सांगितले जाते. अखेरच्या वर्षी कित्येक उड्डाणे लहान आकाराच्या प्रतिकृतींकडून करून घेण्यात आली. जाणत्या प्रेक्षकाच्या नजरेतून ती सुटली नाहीत.

या टंचाईतून संग्राहकांपुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. कथेतील मोटार १९६९ ची. परंतु त्या सालच्या गाड्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा १९६८ व १९७० च्या गाड्यांना पुढील जाळी व मागील दिव्यांची पट्टी बदलून १९६९ चे रूप देण्यात आले. म्हणजे चित्रणात प्रत्यक्ष वापरलेली अस्सल गाडी कारखान्याच्या क्रमांकावरून भलत्याच सालची निघू शकते, आणि पुढे कोणा रसिकाने हौसेने बनविलेली नक्कल सालाच्या दृष्टीने अगदी शुद्ध असू शकते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा प्रकार ओळखीचा वाटेल : शुद्ध दिसणारा पाठ उत्तरकालीन सुधारकाचा, आणि अशुद्ध पाठच प्राचीन. ज्याप्रमाणे हस्तलिखिताची परीक्षा त्याच्या सुवाच्यतेवरून करीत नाहीत, त्याप्रमाणे अशा मोटारीची परीक्षा तिच्या रंगावरून करता येत नाही. परीक्षक पुढील काचेतून दिसणारा क्रमांक वाचतो. तोच क्रमांक अंशतः पत्र्यावर अन्यत्र ठोकलेला असतो, तो जुळवून पाहतो. मग जोडकामाच्या खुणा, पिंजऱ्याच्या नळ्या जेथे बसविल्या होत्या ती भोके आणि वरच्या रंगाखालचे जुने थर तपासतो.

क्रमांकाचे महत्त्व किती, हे चित्रपटाच्या क्षेत्रातील एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटासाठी दोन फोर्ड मस्टँग गाड्या घेतल्या होत्या; त्यांचे क्रमांक लागोपाठचे असून शेवटचे अंक ५५८ व ५५९ असे होते. कसरतीची ५५८ क्रमांकाची गाडी नाहीशी झाली असे मानले जात असता २०१७ साली ती मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागातील भंगारात सापडली. दुसरी गाडी २०२० च्या जानेवारीत लिलावात खरेदीदाराच्या अधिभारासह ३७.४ लक्ष डॉलरांस गेली. पहिलीवर रंग बदलून पांढरा झालेला होता, एंजिन नव्हते. तिला ओळख दिली ती केवळ क्रमांकाने.

'जनरल ली' च्या पहिल्या गाडीचे नशीब असेच होते. 'ली-१' या नावाने ओळखली जाणारी ही मोटार २००१ साली जॉर्जियातील भंगारवाड्यात सापडली. पुढील काही वर्षांत तिचे पूर्ण नूतनीकरण झाले व २०१२ च्या जानेवारीत स्कॉट्सडेल येथील बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात ती गोल्फपटू बबा वॉटसन याने १,१०,००० डॉलरांच्या बोलीने घेतली. येथे एक मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. नूतनीकरण झालेली गाडी देखणी आहे यात शंका नाही. परंतु वाकलेला सांगाडा, चेपलेले नाक व गंजलेला पत्रा हीच १९७८ च्या त्या उड्डाणाची प्रत्यक्ष साक्ष होती. ती साक्ष पुसून गाडीला उड्डाणापूर्वीचे रूप देणे म्हणजे ताम्रपटावरील झिजलेली अक्षरे नव्याने कोरण्यासारखेच आहे. बाजारास ते हवे असते; इतिहासास नको असते.

बाजाराचे तर्कशास्त्र तर याहून वेगळ्या वाटेने जाते. मालिकेतील नट जॉन श्नायडर याच्या खाजगी मालकीची एक 'जनरल ली' २००७ साली ई-बे वर लिलावास निघाली, तेव्हा बोली ९९,००,५०० डॉलरांपर्यंत चढली. व्यवहार मात्र पुरा झाला नाही. दुसऱ्या वर्षी तीच गाडी त्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीस विकली गेली, आणि तरीही ती किंमत पुढे 'ली-१' ला आलेल्या किमतीपेक्षा अधिकच होती! ज्या गाडीने ते विख्यात उड्डाण केले, तिच्यापेक्षा नटाच्या हस्तस्पर्शाची किंमत अधिक ठरली. 'बॅटमॅन' (१९६६–६८) मालिकेतील मोटारीचे उदाहरण याच दिशेचे आहे. १९५५ साली इटलीतील घिया या कारखान्यात सिद्ध झालेली लिंकन फ्यूचुरा ही प्रदर्शनाची गाडी जॉर्ज बॅरिस यांनी एका डॉलरात घेतली व तिला नवे रूप दिले. २०१३ मध्ये तिला ४२ लक्ष डॉलरांची बोली आली. ती एकमेव होती, जपलेली होती. कसरतीची मोटार ही स्वभावतःच बहुसंख्य व नाशवंत. तिला ही प्रतिष्ठा क्वचितच लाभते.

संग्राहकांच्या व्यवहारातील शब्दांवरही ही प्रतवारी उमटली आहे. जवळून चित्रण करावयाची, नीटनेटकी गाडी ती 'हीरो कार'. आपटण्यासाठी ठेवलेली ती 'स्टंट कार'. नंतर केलेल्या नकलेस विकणारा 'ट्रिब्यूट' म्हणतो, घेणारा 'क्लोन' म्हणतो. वस्तू एकच, पण एका शब्दात आदरांजली आहे, दुसऱ्यात संशय. लिलावाच्या सूचीत यांपैकी कोणता शब्द पडला आहे हे पाहिल्यावाचून अनुभवी संग्राहक बोली लावीत नाही.

१७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय उपासकांची हत्या झाली आणि मारेकऱ्याची त्या रणनिशाणासह घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वॉर्नर ब्रदर्सने निशाण असलेल्या खेळण्यांचे परवाने थांबविले, टी. व्ही. लँड वाहिनीने मालिकेचे पुनःप्रक्षेपण बंद केले, आणि वॉटसन याने आपल्या गाडीच्या टपावर त्या निशाणाऐवजी अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगविण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच्या निर्णयामागील नैतिक भूमिका समजण्यासारखी आहे. ज्यांच्या पूर्वजांस दास करून ठेवण्यासाठी ते युद्ध लढले गेले, त्यांना ते निशाण केवळ करमणुकीचे अलंकरण वाटावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तथापि अशा वस्तूचा पुरावा म्हणून असलेला उपयोगही याच निशाणात आहे : १९७९ च्या अमेरिकेत, नागरी हक्कांच्या चळवळीस दीड दशक लोटल्यावरही, ते चिन्ह सहकुटुंब पाहावयाच्या विनोदी मालिकेत कोणत्याही स्पष्टीकरणाविना वावरू शकत होते, ही गोष्ट रंगाखाली गेलेल्या टपावरून उद्याच्या अभ्यासकास वाचता येणार नाही. इलिनॉयमधील व्होलो येथील मोटार-संग्रहालयापुढे हाच प्रश्न २०२० मध्ये आला, तेव्हा आपल्याकडील 'जनरल ली' प्रदर्शनातून न काढण्याचे व तिचे निशाणही तसेच ठेवण्याचे त्या संग्रहालयाने ठरविले.