मुंबई–गोवा : एका तासाची वाट

दोन शहरांमधील अंतर नकाशावर मोजता येते. परंतु ते कापण्यास लागणारा काळ वाहने, वाटा आणि राज्यकर्ते ठरवितात. मुंबई आणि गोवा यांच्या संबंधांचा इतिहास याची साक्ष देतो.

मुंबई ते दाबोळी हे हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर. विमानाला त्यासाठी साधारण एक तास पुरतो. पूर्वी हीच वाट आगबोटीने एक अहोरात्र घेई आणि पावसाळ्यात ती बंदच राही. १८८८ मध्ये मुरगाव बंदरातून घाटाकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. त्यामुळे बारमाही सोय झाली खरी, पण पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक असा मोठा वळसा घालावा लागे. कॅसलरॉक आणि कुळे येथे जकातीची तपासणी होई ती वेगळीच. १९३५ मध्ये टाटांच्या मुंबई–त्रिवेंद्रम विमानसेवेत गोव्याचा थांबा आला आणि हे अंतर तासांत मोजणे प्रथमच शक्य झाले.

पुढे वाहने सुधारली, पण वाट मात्र अडली. १९५४ मध्ये भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर सरहद्द बंद झाली, आगगाडीही थांबली. मुंबईत नोकरी आणि गोव्यात घर व कुलदेवता अशी ज्यांची विभागणी होती, त्या असंख्य कुटुंबांच्या मधोमध ही सरहद्द उभी राहिली. सणाला, लग्नकार्याला, आजारी माणसाच्या भेटीला जाणे परवान्याच्या कागदावर अवलंबून राहिले.

याच १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ उभारला आणि स्वतःची विमानसेवा सुरू केली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. कराची मुंबईच्या जवळजवळ तिप्पट दूर. तरीही गोव्याच्या विमानाला कराची खुली होती आणि वाटेतली मुंबई वर्ज्य!

वाहनांना बंद असलेली ही सरहद्द ध्वनिलहरींना अडवू शकली नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉक येथून, कोकणी व पोर्तुगीज भाषांत मुक्तिलढ्याचे नभोवाणी केंद्र चालविले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. त्या रात्री तेथे उभी असलेली दोन मोठी विमाने उखडलेल्या धावपट्टीवरूनही निसटली, तीही कराचीकडेच. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, सरदेसाई आणि लोबो यांनी भारतीय विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची वार्ता पणजीच्या आकाशातून दिली.

त्यानंतर अंतर झपाट्याने आटत गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वेने घाटाचा वळसा चुकविला. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली. आज प्रवासी तासाभराच्या विलंबानेही त्रासतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि या एका तासाचे श्रेय केवळ यंत्राला देता येणार नाही. १९५५ मध्येही विमान होते, धावपट्टी होती, वैमानिक होते. नव्हती ती जाण्याची मोकळीक. ती ज्यांनी तुरुंगवास सोसून आणि प्राण वेचून मिळवून दिली, त्यांचे ऋण या प्रवासकाळाच्या हिशेबात धरलेच पाहिजे.