पहिला खंड

कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, विद्यार्थी अडतो तो सामान्य बीजगणित कच्चे राहिल्यामुळे, असे ऑयलर यांनी १७४८ साली आपल्या लॅटिन ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविले. कलनाची पूर्वतयारी हाच त्या ग्रंथाचा हेतू होता.

त्याच वर्षी मिलानमध्ये मारिया गाएताना आग्नेसी यांचा ग्रंथ छापला जात होता. एकवीस भावंडांतील या थोरल्या बहिणीने तो धाकट्या भावांना शिकविण्यासाठी लिहावयास घेतला, असे सांगतात. इटालियन तरुणांसाठी म्हणून तो त्यांच्याच भाषेत लिहिला. अवकलन आणि संकलन सारे दुसऱ्या खंडात. पहिला खंड समीकरणे, शंकुच्छेद आणि वक्ररेषा यांचा. तो जाडजूड आहे. घाईच्या पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटेल. मला मात्र ग्रंथाचे खरे बळ तिथेच दिसते. त्याच्या आधाराने दुसरा खंड पेलतो.

१७५० साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी आग्नेसी यांना बोलोन्या विद्यापीठात अध्यापकपद देऊ केले. त्या गेल्या नाहीत. पुढील आयुष्य त्यांनी गोरगरीब, आजारी स्त्रियांच्या सेवेत घालविले. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन कोल्सन मात्र केवळ या ग्रंथासाठी उतारवयात इटालियन शिकले. त्यांचे इंग्रजी भाषांतर १८०१ मध्ये निघाले. तेव्हा आग्नेसी यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.