लोहारकी, आयर्लंडमधील ग्रामीण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमधील खेड्यांची शेती लोहारावर अवलंबून होती. त्याची शाळा बहुधा चौरस्त्यावर वा ओढ्याकाठी असे. घोड्यांना नाल मारणे हे नित्याचे काम. त्याखेरीज फाळ, फाटके, चुलीवर भांडे टांगण्याचा दांडा आणि पीट कापण्याचे ‘स्लान’ हे पंखयुक्त पात्याचे हत्यार तो घडवी. चाकाला धाव चढविणे हे मात्र खरे कौशल्याचे काम. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडे पीटच्या आगीत तापवून चाकावर बसवीत व लगेच पाणी ओतीत. आकसणाऱ्या लोखंडाने सांधे घट्ट आवळले जात. मोबदला रोख, बटाटे, पीट किंवा शेतावरील श्रम या रूपांत मिळे. मारलेल्या जनावराचे डोके त्याला देण्याचीही प्रथा होती.

लोहाराविषयी आदराइतकीच भीती होती. पुराणकथांत गॉव्‍न्यू हा देवांचा शस्त्रकार. तर सेंट पॅट्रिकच्या नावावरील, पण बहुधा आठव्या शतकातील प्रार्थनेत लोहारांच्या मंत्रांपासून संरक्षण मागितले आहे. ऐरण फिरवून दिलेला त्याचा शाप बाधतो, तापलेले लोखंड विझविलेल्या पाण्याने चामखिळी जातात, असे समज अलीकडेपर्यंत होते. ‘मॅगाउअन’ या आडनावाचा अर्थच लोहाराचा मुलगा असा आहे.

सत्ताधाऱ्यांची भीती निराळी, आणि ती निराधार नव्हती. १७९८ च्या बंडात शेतकऱ्यांचे प्रमुख शस्त्र म्हणजे लांब दांड्याचा भाला. त्याची पाती गावोगावच्या भट्ट्यांत घडली. त्यामुळे निःशस्त्रीकरणाच्या मोहिमेत लष्कराने लोहारांना फटके मारले, त्यांच्या शाळा जाळल्या. फाळ घडविणारा हातच भालाही घडवू शकतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

या व्यवसायाचा ऱ्हास दडपशाहीने नव्हे, तर यंत्राने झाला. डाउन परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याच्या रचनेचा ‘टीई २०’ ट्रॅक्टर १९४६ पासून कॉव्हेंट्री येथे तयार होऊ लागला. पुढील दोन दशकांत शेतावरील घोडा व त्याबरोबर बहुतेक लोहारशाळा गेल्या. त्यापूर्वीच, १९३७–३९ मध्ये, आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकरवी केलेल्या संकलनात गावची लोहारशाळा हा विषय होता. मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरविलेली ही माहिती या व्यवसायाचे बहुमोल साधन होय. आता शर्यतीच्या व हौसेच्या घोड्यांना नाल मारणारे फिरते नालबंद मोटारीतून भट्टी घेऊन तबेल्यांवर जातात.