जुन्या मोटारीचा मूळ क्रमांक

खडकीच्या रस्त्यांवरून लष्कराचे ट्रक आणि जीपगाड्या जाताना पाहणे ही तेथील रहिवाशांच्या नित्याची गोष्ट आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई या परिसरात झाली. पुढे छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, बॉम्बे सॅपर्सचे ठाणे झाले आणि लष्करी वाहनांची दुरुस्ती करणारी मोठी कार्यशाळाही येथेच आली. या वाहनांची नंबरप्लेट निरखून पाहिली, तर तिच्यावर वरच्या दिशेने रोखलेला एक बाण दिसतो. बाणापाठोपाठ येणारे दोन आकडे वाहन लष्करात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात आणि शेवटचे अक्षर त्याचा वर्ग सांगते. ब्रिटिश सरकार आपल्या मालकीच्या वस्तूंवर बाणाची ही खूण शतकानुशतके उमटवीत आले होते. साम्राज्य गेले, खूण मात्र आपल्या लष्करी वाहनांवर राहिली.

पाटीवरच्या चार-सहा चिन्हांत एवढा इतिहास सामावलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या मोटारींचे शौकीन मूळ क्रमांकासाठी एवढा जीव का टाकतात, याचा उलगडा होऊ लागतो. मोटारीचा रंग पुन्हा काढता येतो, गाद्या नव्याने शिवता येतात, निकामी झालेला भाग कारागिराकडून घडवून घेता येतो. क्रमांक मात्र असा घडवता येत नाही. तो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट कचेरीत, एका विशिष्ट गाडीला मिळालेला असतो.

मोटारीला क्रमांक देण्याची प्रथा मोटारीइतकीच जुनी आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये वाहनांवर पाटी लावण्याचा हुकूम काढला. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून क्रमांक सक्तीचा झाला. आपल्याकडे मोटारींविषयीचा अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये आला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक प्रांताला अक्षरांचे गट वाटून दिले. मुंबई प्रांताच्या वाट्याला ‘बी. एम.’ ही अक्षरे आली. जुन्या हिंदी चित्रपटांत ‘बी. एम. वाय.’ अशा क्रमांकाच्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवरून धावताना आजही दिसतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि पुढे ‘एम’ या अक्षराने सुरू होणाऱ्या मालिका रूढ झाल्या. गोव्यात ‘जी. डी. ए.’ यांसारख्या मालिका होत्या. त्यांत गोवा, दमण आणि दीव या एकत्र केंद्रशासित प्रदेशाची स्मृती आहे. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले आणि त्या अक्षरांमागचा प्रदेश नकाशावरून गेला. १ जुलै १९८९ पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हा राज्याची दोन अक्षरे आणि कचेरीचा आकडा ही आजची पद्धत आली. पुणेकरांना ‘एम. एच. १२’ मिळाले ते या पद्धतीने. म्हणून एखाद्या जुन्या मोटारीवर ‘बी. एम.’ ही अक्षरे दिसली, म्हणजे तिने प्रांत, राज्य आणि कायदा यांची स्थित्यंतरे पाहिली आहेत, असे खुशाल समजावे.

हा क्रमांक हरवतो कसा, याचाही विचार केला पाहिजे. राज्यातल्या राज्यात मोटार विकली गेली, तर क्रमांक तोच राहतो. परंतु ती दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिली, तर तेथील नवा क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक ठरते. मुंबईत नोंदलेली मोटार दिल्लीच्या शौकिनाने नेली, की तिच्या पाटीवरची मुंबई पुसली जाते. खडकीसारख्या ठिकाणच्या वाहनांची कथा याहून करुण आहे. लष्करातून निवृत्त झालेली जीप किंवा मोटारसायकल लिलावात विकली गेली, की तिला परिवहन कचेरीचा मुलकी क्रमांक मिळतो. बाण जातो आणि बाणासोबत तिचे सेवेत दाखल झाल्याचे वर्षही जाते. मग एखादा नवा मालक तिचा रंग खरवडताना खाली पुसट आकडे सापडतात का, हे पाहत बसतो.

ब्रिटनमध्येही असा प्रसंग आला होता. स्थानिक कचेऱ्यांतील जुन्या नोंदी १९८३ मध्ये बंद झाल्या आणि ज्या मोटारी तोवर संगणकावर नोंदल्या गेल्या नव्हत्या, त्यांचे क्रमांक हातचे गेले. पुढे तेथील सरकारने एक वाट काढली: जुने कागद दाखवावेत, मान्यताप्राप्त मोटार क्लबने गाडी तपासून ग्वाही द्यावी, म्हणजे मूळ क्रमांक परत मिळेल, पण तो मग दुसऱ्या गाडीला देता येणार नाही. ही अट मर्मग्राही आहे. क्रमांकाचा व्यापार न होता तो आपल्या गाडीपाशीच राहावा, असा तिचा भाव आहे.

आपल्या देशातही २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी वाहने त्यांत येतात. नव्याने नोंदणी करणाऱ्यास ‘व्ही. ए.’ अक्षरांची निराळी मालिका मिळते. त्यासाठी शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे, त्यांना मात्र आपला जुना क्रमांक राखण्याची मुभा आहे. शौकिनांच्या भावनेला कायद्याने दिलेली ही मान्यताच म्हटली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की चोरी आणि बनावट क्रमांक यांना आळा घालायचा, तर पाट्या एकसारख्या आणि सुरक्षित असायलाच हव्यात. हे म्हणणे रास्त आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत वारंवार वाढवावी लागली, ती या हेतूनेच. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. बदलते ती पाटी. क्रमांक बदलत नाही. काळ्या पत्र्यावर पेंटरने पांढऱ्या रंगात हाताने रेखलेली अक्षरे जातात, आणि त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तरी नव्या पाटीवर जुनाच क्रमांक उमटत असेल, तर गाडीची साक्ष शाबूत राहते. उलट, चॅसिसशी आणि नोंदवहीशी ज्याचा मेळ बसत नाही, असा एखादा रुबाबदार जुना क्रमांक हौसेखातर लावला, तर ती इतिहासाची फसवणूक होते.

खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक सैनिक विसावले आहेत. तेथील शिलांवर नावाबरोबर सैनिकाचा सेवाक्रमांकही कोरलेला असतो. एकाच नावाचे अनेक जण असू शकतात. क्रमांकाने तो एकच माणूस ओळखता येतो. माणूस आणि यंत्र यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या गावात ही रीत रोज डोळ्यांसमोर आहे, त्या गावाला क्रमांक जपण्याचे मोल निराळे समजावून सांगावे लागू नये.

ज्यांच्या घरी वडिलांची वा आजोबांची मोटार, स्कूटर किंवा लिलावातून आणलेली जीप उभी असेल, त्यांनी एवढे जरूर करावे. उतरवलेली पाटी भंगारात देऊ नये, ती आर. सी. बुकासोबत जपून ठेवावी. रंगाखाली बाणाचा क्रमांक सापडला, तर तो पुन्हा रंगवण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वाहीत टिपून ठेवावा. गाडी विकताना हे सारे नव्या मालकाच्या हाती द्यावे. गाडी कोठे नोंदली गेली आणि कोणाच्या सेवेत होती, हे पुढच्या पिढीला त्यावरूनच कळणार आहे.