तिच्या पंजाला पंजा

१९५२, पेटालुमा, कॅलिफोर्निया

दार ढकला आणि आत या. आत बिअरचा वास आहे, सिगारेटचा धूर आहे आणि मोठमोठ्यानं बोलणारी माणसं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला वसलेलं हे गाव कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यावर वाढलेलं. गिलार्डीचा हा बार म्हणजे गावकऱ्यांचा अड्डा. आज सगळी गर्दी एका टेबलाभोवती जमली आहे. एका बाजूला जॅक होमेल, डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचा ट्रेनर. समोर ओलिव्हर कुलबर्ग, इथलाच गुराढोरांचा मालक. दोघांची कोपरं लाकडावर टेकलेली, पंजे एकमेकांत घट्ट. गर्दीतच बिल सोबेरानेस हा पत्रकार आहे. ही लढत पुढे कशी न्यायची हे त्याच्या डोक्यात आहे.

तो ती खरोखरच पुढे नेतो. बारमधली ही हौस पेटालुमात दरवर्षीची स्पर्धा होते. १९६२ मध्ये तिला जागतिक अजिंक्यपदाचं नाव मिळतं, आणि १९६९ पासून अमेरिकेतली ‘एबीसी’ वाहिनी तिचं चित्रण देशभर दाखवू लागते. जगभर पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे जो खेळ कुठल्याही टेबलावर खेळत आले, त्याला नियम, पंच आणि प्रेक्षक मिळतात.

आता त्या पहिल्या टेबलाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. तिथं पुरुषासमोर पुरुष आहे. बाईचा हात या लाकडावर टेकेल असं त्या रात्री कुणाच्या मनातही येत नाही. तुम्हाला ज्या बायकांना भेटायचं आहे त्या अजून जन्मायच्या आहेत. पुढे चला.

१९९० च्या दशकाची अखेर, लॅपलँड

थंडी आधी नाकाला झोंबते. तुम्ही उत्तर स्वीडनमध्ये, स्टोरुमान तालुक्यातल्या एन्सामहेटेन नावाच्या वस्तीत आहात. बर्फ, सूचिपर्णी झाडं आणि पुन्हा बर्फ. डिसेंबरातला सूर्य जेमतेम काही तास वर येतो आणि क्षितिजाला धरूनच मावळतो. माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. शेजारी जायचं म्हटलं तरी गाडी काढावी लागते.

इथल्या अँडरसन कुटुंबात पंजा हा घरचा खेळ आहे. जेवणं झाली की गप्पांबरोबर हात टेबलावर येतात. या घरातली १९८१ साली जन्मलेली मुलगी हायडी याच वातावरणात मोठी झाली आहे. तिला ‘हा मुलांचा खेळ’ हे वाक्य ऐकत बाजूला उभं राहावं लागलेलं नाही. टेबल घरात, शिकवणारे घरात, हरवायला समोर माणसंही घरातलीच. सराव चुकवायला निमित्त नाही आणि सरावासाठी कुणाची परवानगीही लागत नाही.

तिच्या मनगटाकडे लक्ष ठेवा. दंड फुगवून दाखवायची तिला गरज पडत नाही. पंजात ताकद साठते ती बोटांत, मनगटात, कोपराखालच्या स्नायूंत आणि हे सगळं हाडांशी बांधणाऱ्या कंडरांत. स्नायू काही महिन्यांत वाढतो, पण कंडरा सावकाश घट्ट होतात आणि त्यांना वर्षांनुवर्षांचा सराव लागतो. ज्या मुलीला लहानपणी टेबल मिळालं तिची आघाडी इथंच सुरू होते.

हायडी अँडरसन पुढे अकरा वेळा जगज्जेती होते. नकाशावर शोधावी लागेल अशा या वस्तीची गोष्ट २००४ मध्ये एका माहितीपटात येते. तो माहितीपट स्वीडनचा मानाचा गुल्डबागे पुरस्कार मिळवतो आणि देशातल्या घराघरांत लोकांना कळतं की जगातली एक बलाढ्य बाई बर्फातल्या इवल्याशा वस्तीत राहते.

२००० चं दशक, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा

आता सभागृहात या. पेटालुमाच्या स्पर्धेहून वेगळी, जागतिक पंजा महासंघाची ही स्पर्धा १९७९ मध्ये कॅनडातल्या वेटास्किविन या गावी सुरू झाली. आता ती दरवर्षी नव्या शहरात भरते. २००५ मध्ये टोकियो, पुढच्या वर्षी मँचेस्टर, त्याच्या पुढच्या वर्षी बल्गेरियातलं वार्ना. पुरुषांच्या लढती आणि महिलांच्या लढती एकाच छताखाली, त्याच टेबलांवर. महिलांचेही वजनगट आहेत, पन्नास किलोपासून वर चढत जाणारे. उजव्या हाताची पदकं वेगळी, डाव्या हाताची वेगळी. एकदा हरलात तरी बाहेर पडत नाही, दुसऱ्यांदा हरलात की घरी.

मध्यंतरात एक टेबल रिकामं आहे. सरावाला थांबलेली एक खेळाडू तुम्हाला हातानं बोलावते. जा. अशी संधी पुन्हा येणार नाही.

टेबल कमरेच्या वर येतं. दोन्ही बाजूंना कोपरासाठी एकेक चौकोनी गादी आहे आणि मोकळ्या हातानं धरायला एकेक उभी खुंटी. उजवा कोपर गादीवर ठेवा, डाव्या हातानं खुंटी धरा, उजवा पाय पुढे घ्या. आता तिचा तळवा तुमच्या तळव्याला भिडतो. तो कोरडा, खरबरीत आणि तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच जड आहे. पंच तुमच्या अंगठ्याचा सांधा दिसतोय का ते पाहतो, मनगट सरळ करतो, खांदे टेबलाला समांतर आणतो. पकडीसाठीची ही झटापट म्हणजे अर्धी लढत. बोट किंचित वर सरकलं तरी तिला फायदा होतो, म्हणून ती घाई करत नाही.

‘रेडी... गो!’

तुम्ही जोर लावायचं ठरवता तोवर तुमचं मनगट मागे वळलेलं असतं. तिनं तुमचा हात बाजूला ढकललेलाच नाही. आधी तो स्वतःकडे ओढला, तुमच्या बोटांच्या टोकांवर वजन टाकलं आणि पकड उघडली. या डावाला ‘टॉप रोल’ म्हणतात. मनगट एकदा उघडलं की तुमच्या दंडातली सगळी ताकद अडकून पडते, कारण ती पंजापर्यंत पोहोचवणारा रस्ताच तुटलेला असतो. दुसरा डाव ‘हुक’: मनगट आत वळवून समोरच्याला आपल्या बाजूला खेचायचं आणि जवळून लढायचं. तिसरा ‘प्रेस’: खांदा हातामागे आणून सगळं शरीर खाली दाबायचं. डाव निवडायला तिला एक क्षण मिळतो, आणि तुमच्या पकडीवरूनच तिनं तो निवडलेला असतो.

हात सुटला तर पंच दोघांचे पंजे पट्ट्यानं एकत्र बांधतात आणि लढत पुन्हा सुरू होते. कोपर गादीवरून उचलला की चूक, आणि अशा दोन चुका झाल्या की हार. पण तिची एक सूचना नियमांपेक्षा मोलाची आहे: नजर आपल्या हातावरून हलवू नका आणि खांदा हाताच्या मागेच ठेवा. हात एकीकडे आणि अंग दुसरीकडे वळलं की दंडाचं हाड पिळून तुटू शकतं. हा खरा धोका आहे. नवख्या माणसांचे हात असे मोडले आहेत. म्हणून इथली शहाणी खेळाडू हरतानाही अंग हातामागेच फिरवते.

तुमचा हात टेबलाच्या बाजूच्या गादीला टेकतो. तिला जिंकायला दोन सेकंदही लागले नाहीत. पण त्या दोन सेकंदांमागे तिची कित्येक वर्षं आहेत आणि हे तुम्हाला आता तळव्यात कळलं आहे.

२०१२–१३, स्वीडनचा टीव्ही

पडद्यावर दिव्यांचा झगमगाट आहे. ‘ग्लॅडिएटर’ धाटणीच्या कार्यक्रमात ‘स्पिरिट’ या नावानं एक तरुणी स्पर्धकांना आव्हान देते. तिचं खरं नाव सारा बॅकमन, जन्म १९९१. कार्यक्रम पाहणाऱ्यांना ती टीव्हीवरची ताकदवान मुलगी वाटते. पंजाच्या जगात मात्र तिचं नाव आधीच मोठं आहे: आठ वेळा जगज्जेती. २०१३ च्या सुरुवातीला अमेरिकेची ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ ही कुस्ती कंपनी तिच्याशी करार करते, तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची आहे. विशीच्या आसपास आठ विश्वविजेतेपदं म्हणजे शाळेतल्या वयातच ती जगातल्या अव्वल बायकांसमोर उभी राहिली होती.

हायडी आणि सारा या दोघींना शेजारी ठेवून बघा. एक वस्तीत राहूनच जिंकते, दुसरी दिव्यांच्या झोतात जाते. हायडीचं लग्न ब्यॉर्न फेरीशी झालं आहे. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायाथलॉनमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तो हाच. या जोडप्यानं पुढे विमानप्रवास टाळायचं आणि २०२५ पर्यंत खनिज इंधनाशिवाय जगायचं ठरवलं. पदकं मिळवणाऱ्या हातांनी आपल्या रोजच्या जगण्यावरही तितकीच पक्की पकड ठेवायचं मनावर घेतलं. ताकद असलेली बाई म्हणजे अमुक एका साच्यातलीच हवी, हा आग्रह या दोघींच्या आयुष्यांसमोर टिकत नाही.

२०२० नंतर, जगभरातली टेबलं

आता काळ भराभर सरकतो. या पुढच्या पिढीत टेबलांवर नवी नावं आहेत: स्लोव्हाकियाची बार्बोरा बाय्चिओव्हा, ब्राझीलची गॅब्रिएला व्हास्कोन्सेलोस, लिथुआनियाची एग्ले व्हाइटकुटे. एकेका देशाच्या, एकेका घराण्याच्या मक्तेदारीचे दिवस संपले. इस्तंबूलहून चालणाऱ्या ‘ईस्ट व्हर्सेस वेस्ट’ या गाजलेल्या मालिकेत पुरुषांच्या मोठ्या लढतींबरोबर महिलांच्याही लढती लागतात. प्रेक्षक त्या पहाटे जागून मोबाइलवर बघतात आणि कोणाचं मनगट आधी उघडेल यावर तितक्याच तावातावानं वाद घालतात.

एक गोष्ट मात्र अजून बदललेली नाही. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे अव्वल खेळाडूंच्या मागेही ऑलिंपिक पदकाला मिळतो तसा पैसा आणि नोकरीची हमी नसते. तरीही त्या येतात. खेळावरचा त्यांचा जीव मोजायला याहून चांगलं माप मला सापडत नाही.

ऑगस्ट २०२३, नवी दिल्ली

शेवटचा मुक्काम आपल्या देशात. इंदिरा गांधी स्टेडियममध्ये प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम रंगात आला आहे. परवीन डबास आणि प्रीती झंगियानी या सिनेकलाकारांनी उभी केलेली ही लीग. सहा संघ आहेत, त्यांतला एक ‘मुंबई मसल’. पुढे जिंकेल तो कोचीचा संघ. पण तुम्ही आज निकाल बघायला आलेले नाही. दिवे टेबलावर येतात आणि दोन मुली पुढे येतात. लीगमध्ये महिलांचे वजनगट आहेत, आणि त्यांच्या लढतींनीही संघाच्या गुणांची बेरीज ठरते. आसामच्या चेतना शर्माचं नाव पुकारलं जातं तेव्हा गर्दीचा आवाज चढतो.

संघाचं यश बाईच्या मनगटावर अवलंबून असणं ही साधी गोष्ट वाटते. पण तुम्ही १९५२ चा बार पाहून आला आहात. तिथून इथवर यायला सत्तर वर्षांहून जास्त काळ लागला. बाईच्या हातात बळ आहे हे जगाला आता कळलं असेल, पण ते बळ तिथं आधीही होतंच. विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या, उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या, डोक्यावरची पाटी एका हातानं उतरवणाऱ्या बायकांच्या मनगटांची परीक्षा घ्यायला टेबलच कुणी मांडलं नव्हतं. जिथं मांडलं गेलं, तिथं हायडी घडली.

आता परत या, आपल्या गावात, आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये, आपल्या व्यायामशाळेत. पंजा तिथं आजही रोज लढवला जातो आणि मुली बहुतेक वेळा बघायला उभ्या असतात. तुम्ही मास्तर असाल, तालीम चालवत असाल किंवा एखाद्या मुलीचे आईबाप असाल, तर एक काम करा. कोपराच्या गाद्या आणि खुंट्या असलेलं एक नीट टेबल बनवून घ्या. सुताराकडून ते फार खर्चात पडत नाही. नियम माहीत असलेला माणूस शेजारी उभा करा, कारण हात मोडण्याचा धोका खरा आहे आणि तो शिस्तीनं टळतो. दोन्ही हातांचा सराव करून घ्या. कंडरांना वेळ द्या, महिन्याभरात निकाल मागू नका.

आणि मुलगी पुढे आली की तिला हलक्या हातानं जिंकू देऊ नका. पूर्ण जोर लावा आणि हरवा. ती दुसऱ्या दिवशी परत येईल. पंजा लढवणारी प्रत्येक जगज्जेती आधी कुणाकडून तरी अशीच मनापासून हरली होती.