आठी पुसणारे विष

सुरकुत्या घालवणाऱ्या बोटॉक्सचा माग काढत मी जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गपर्यंत पोहोचलो. तिथे बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टरने ते विष स्वतःवर आजमावले आणि अल्प मात्रेत ते औषध ठरू शकेल, असे १८२२ मध्ये मांडले. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि आपोआप मिटणाऱ्या पापण्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच, १९८७ मध्ये, व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांवर उपचार घेणाऱ्या एका बाईंनी भुवयांमध्ये सुई का दिली नाही, अशी तक्रार केली होती. त्या सुईने त्यांच्या आठ्या मावळत! २००२ मध्ये आठ्यांसाठीही परवानगी आली. केर्नरने औषध शोधले ते आजाऱ्यांसाठी. इथे निरोगी कपाळही रुग्ण ठरले. मज्जातंतूचा निरोप तीन-चार महिने अडतो, मग आठी परत येते. माझी मी राहू दिली आहे.