पाळीव कुत्र्याचे केस रंगवणे
पाळीव कुत्र्याचे केस हौसेखातर, स्पर्धेसाठी वा प्रदर्शनासाठी रंगवले जातात. या प्रथेच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत. माणसांसाठीच्या केशरंगांत अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड, पॅरा-फेनिलीनडायअमाइन यांसारखी रसायने असतात. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते. शिवाय तो अंग चाटत असल्याने रसायन पोटातही जाते. त्यामुळे त्वचादाह व विषबाधा संभवते. बिटाच्या रसासारखे वनस्पतिजन्य रंग वापरल्यास हा धोका कमी होतो, पण दुसरा आक्षेप कायम राहतो. केस कापल्याने गुंता सुटतो, स्वच्छता राखणे सोपे जाते. रंगाने मात्र कुत्र्याला काहीच लाभ होत नाही.

मे २०२४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतातील ताइचोउ येथील प्राणिसंग्रहालयाने चाऊ चाऊ जातीची दोन कुत्री काळ्या-पांढऱ्या रंगांत रंगवून ‘पांडा कुत्री’ म्हणून प्रेक्षकांपुढे आणली. टीका झाल्यावर, माणसेही केस रंगवतातच, असे समर्थन करण्यात आले. माणूस ते स्वेच्छेने करतो, हा भेद त्यात दुर्लक्षित राहिला.

भारताच्या प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० मध्ये केस रंगवण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र प्राण्याला अनावश्यक वेदना वा यातना देणे हा त्यानुसार गुन्हा आहे.